राखलेलं गवत

मर्टल कॉर्मॅकला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवता यायची आणि तिच्या नवऱ्याला यायची नाही. त्यांच्या संसाराचं एवढं वर्णन पुरे आहे. तिची शिट्टी ऐकली की टेकडीच्या पार टोकाला गेलेला कुत्राही होता तिथं बसकण मारी. अर्नी बिचारा हाका मारमारून घसा बसवून घेई आणि कुत्री त्याच्याकडे, हे गृहस्थ कोण, अशा नजरेनं बघत राहत.

अर्नी गेला तेव्हा सगळ्या रस्त्यानं, म्हणजे त्यावरच्या शेतकऱ्यांनी, गृहीतच धरलं की ही आता शेत विकणार. पृथ्वीच्या पार दक्षिणेकडच्या या साउथलंडात विधवेनं काय करायचं ते ठरलेलं आहे. गोर गावात लहानसं घर घ्यायचं, दारात गुलाब लावायचे आणि चर्चच्या विक्रीला मुरंबे करून द्यायचे. मर्टलला गुलाबांचा कंटाळा होता. अर्नीला पुरून आठवडा होतो न होतो तोच शेजारचा नेव्हिल टलॉक टोपी हातात घेऊन दारात उभा.

"मर्ट, जमिनीचं काय ते मला आधी सांग हं. मी आहे."

"तू आहेस ते दिसतंय मला. जमीनही आहे. दोघं आपापल्या जागी राहा."

दोघं एकाच शाळेत शिकलेले. शाळेतही नेव्हिलला दुसऱ्याच्या डब्यातलं आपलंच वाटायचं. तो टोपी घालून गेला, आणि मर्टलनं पुढची कितीतरी वर्षं ते शेत एकटीनं चालवलं. एकटीनं म्हणजे टिबच्या जोरावर. टिब ही तिची कुत्री. काळीपांढरी, एक कान मोडलेला, स्वभावानं तुसडी. कुणी कुरवाळायला गेलं तर उठून दुसरीकडे जाऊन बसायची. मर्टलला ती त्यासाठीच आवडायची. टेकडीवरचं कुरण इतकं चढाचं की तिथं गाडी जात नाही आणि मर्टलचं कंबरडं तर नाहीच नाही. खाली फाटकाशी उभं राहून ती शिट्टी घाली, आणि अख्खा कळप टिबच्या पुढून पाण्यासारखा ओघळत खाली येई.

टिबला एकच खोड होती. मेंढ्या व्यायच्या दिवसांत कुरणात पडलेली वार ती चाटूनपुसून खायची. इकडचे बहुतेक कुत्रे खातात. मेंढी व्याली, कोकरू उभं राहिलं, मेंढी त्याला घेऊन चार पावलं पुढं गेली की टिब हळूच मागून यायची आणि जागा स्वच्छ करून निघून जायची. कोकराकडे ढुंकून बघायची नाही.

मागल्या वर्षी सप्टेंबरात ओढ्यापाशी कुंपण खचलं होतं, तिथून ती नेव्हिलच्या हद्दीत गेली. जायला नको होतं. मर्टलनं हे कधी नाकारलं नाही. नेव्हिलनं तोंडाला रक्त लागलेली कुत्री आपल्या मेंढ्यांत पाहिली आणि बंदूक उचलली. मग तिला गाडीत टाकून मर्टलच्या फाटकाशी आणलं.

"मेंढ्यांवर गेली होती, मर्ट. तोंड बघ तिचं."

मर्टलनं तोंड बघितलं. मग ओढा ओलांडून गेली आणि ती जागाही बघून आली. मेंढी चरत होती. कोकरू तिच्या पोटाखाली शेपूट हलवत दूध पीत होतं. अंगावर ओरखडा नाही. शेजारी गवताचा एक गोल तुकडा चाटून लख्ख केलेला.

"कोकरू धडधाकट आहे," ती परत येऊन म्हणाली.

"दुसरं एखादं असेल," नेव्हिल म्हणाला. तिच्याकडे न बघता म्हणाला. त्या न बघण्यावरूनच तिला कळलं की यालाही ठाऊक आहे.

कायदा त्याच्या बाजूनं होता. परका कुत्रा मेंढ्यांत दिसला तर मेंढीवाल्यानं गोळी घालावी, यात इकडे कुणाला गैर वाटत नाही. सगळा रस्ता म्हणाला, वाईट झालं, पण त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं. म्हणजे टिब मेंढ्या मारणारी कुत्री ठरली. मर्टलनं तिला रस्त्याकडेच्या फाटकाजवळ पुरलं आणि गळपट्टा फाटकाच्या खांबाला अडकवून ठेवला.

नवीन कुत्रा घे, असं सांगायला जो तो आला. कुत्रा तयार करायला लागणारी वर्षं तिनं आपल्या उरलेल्या वर्षांतून वजा करून पाहिली आणि नाद सोडला. पुढं वर्षभर टेकडीवरच्या मेंढ्या ती स्वतः हलवी. हात पसरून, काठी आपटून, आणि त्यानंही भागलं नाही की भुंकून. हो, भुंकून. मॅट्रिकला लॅटिन घेतलेली, चर्चमध्ये पेटी वाजवणारी बाई चढावर उभी राहून भू-भू करायची आणि कुणी ऐकत नाही ना म्हणून मागं वळून बघायची. उन्हाळा संपायच्या आत तिनं अर्धा कळप विकला. अर्नीच्या वडिलांनी सुरू केलेली पैदास होती ती. मेंढ्या ट्रकमध्ये चढवल्या त्या दिवशी तिनं स्वयंपाकघराची फरशी दोनदा पुसली आणि मनाशी ठरवलं की नेव्हिल टलॉकला याची भरपाई करायला लावायची. कशी, ते अजून तिलाही ठाऊक नव्हतं.

ते मे महिन्यात कळलं. इकडे तेव्हा हिवाळा लागतो.

त्या वर्षी नेव्हिलचं स्वीडचं पीक असं आलं होतं की रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या हळू व्हायच्या. स्वीड म्हणजे सलगमाच्या जातीतला कंद. आतून पिवळा, माणसाच्या डोक्याएवढा होतो. हिवाळ्यात गवत वाढायचं थांबतं, तेव्हा गाभण मेंढ्या याच्यावरच जगतात. रोज सकाळी विजेची तार थोडी पुढं सरकवायची आणि त्या दिवसापुरता ताजा पट्टा मोकळा करायचा. जिल्ह्याच्या शेतकरी मंडळाच्या स्पर्धेत नेव्हिलला चषक मिळाला. पेपरात फोटो आला, दोन काखांत दोन कंद धरून, जुळी झाल्यासारखा.

आता शहाणा माणूस पट्टे कुठून सुरू करतो? उघड्यावरच्या टोकाकडून. झाडांच्या आडोशाचं टोक शेवटासाठी राखतो, म्हणजे ऑगस्टातल्या बर्फात पोटुशा मेंढ्यांना वारा लागत नाही. मर्टलनं खिडकीतून पाहिलं तर नेव्हिल पहिली तार झाडांकडच्या बाजूला ठोकत होता. तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रस्त्याकडेचा, सगळ्यात जाडजूड पट्टा त्याला शेवटपर्यंत उभा ठेवायचा होता. कशाला? लोकांनी बघावा म्हणून. दुसरं काय.

तिची मैत्रीण बेरिल शाळेची बस चालवते. मुलांना सोडून परत जाताना ती चहाला थांबायची. तिनंही ते पाहिलं होतं.

"अगं, सांग ना त्याला. पस्तावेल."

"त्यानं विचारलंय मला?"

"तू सांगितलंस तर ऐकेल."

"म्हणून तर सांगत नाही."

बेरिलनं चीज-रोल कपात बुडवता बुडवता तिच्याकडे नीट पाहिलं. "मर्टल, तुझ्या डोक्यात काहीतरी शिजतंय."

"शिजतंय. वेळ लागेल. तू तुझा रोल खा. नीट चाव मात्र. दात गेलेल्या मेंढ्यांना आम्ही स्वीडवर ठेवत नाही, बाजार दाखवतो."

"तुझे स्वतःचे तरी कुठं शिल्लक आहेत गं?"

त्याच दिवशी मर्टलनं आपलं रस्त्याकडचं मोठं कुरण बंद केलं. तिथं एकही मेंढी सोडली नाही. कुरणाच्या दक्षिणेला सुरूसारख्या झाडांची दाट जुनी रांग आहे, बर्फ आणणारा वारा तिथं येऊन आपटतो आणि थांबतो. जून गेला, जुलै गेला. सगळ्या रस्त्यावर गवत खुरटून करडं पडलं, आणि मर्टलचं कुरण गुडघाभर हिरवं उभं. म्हातारी आळसावली, लोक म्हणाले. मेंढ्याच कमी राहिल्यात, तर काय करील. मेंढ्या का कमी राहिल्या होत्या? नेव्हिलनं झाडलेल्या गोळीनंच ते गवत वाढवलं होतं, आणि मर्टलला हा विचार सकाळच्या चहाबरोबर फार गोड लागायचा.

ऑगस्ट लागला आणि हवा फिरली. थंडी पडायची ती पडेना. वायव्येचा ऊबदार वारा सुटला, घामट, वेड्यासारखा. नेव्हिलच्या दिमाखदार पट्ट्याला वसंत आल्याचा भास झाला. कांद्याला फुटतात तसे स्वीडना डेंगळे फुटले, बघता बघता कमरेएवढे झाले आणि वर पिवळ्या कळ्या धरल्या. डेंगळे फुटलेली स्वीड म्हणजे कडू आणि विषारी कारभार, विशेषतः व्यायला आलेल्या मेंढीला. हे नेव्हिललाही ठाऊक होतं. पण आडोशाचं पीक तो आधीच संपवून बसला होता. त्याच्याकडे आता तेवढाच पट्टा होता, आणि तो पट्टा चषकाचा होता.

मर्टल कुंपणापर्यंत चालत गेली. पलीकडे मेंढ्या चिखलात उभ्या होत्या, कान पडलेले, तोंडावरची कातडी सोलवटलेली. दोन आडव्या पडल्या होत्या, त्या उठणार नव्हत्या. इतके महिने तिनं फक्त नेव्हिलचा विचार केला होता, मेंढ्यांचा केलाच नव्हता, आणि हे तिला अजिबात आवडलं नाही. तिनं कुंपणाच्या तारेवर हात ठेवला. पक्कड खिशात होती. तार तोडली असती तर दहा मिनिटांत सगळ्या हिरव्यावर आल्या असत्या.

तिनं हात काढून घेतला. आजच्या दिवसात तो येईलच, ती स्वतःला म्हणाली. नाही आला तर उद्या सकाळी तोडीन.

तो दुपारीच आला. बेरिल टेबलाशी बसली होती. इकडे कुणी घरी आलं की चिखलाचे बूट दाराबाहेर काढतं आणि नुसत्या मोज्यांवर आत येतं. मर्टल दारात उभी राहिली आणि आत ये म्हणाली नाही. नेव्हिल बूट घालून पायरीवरच राहिला.

"मर्ट."

"नेव्हिल."

"गवत बरं आलंय तुझं."

"आलंय."

"मेंढ्या फार नाहीत ना तुझ्याकडे आता."

"नाहीत. का नाहीत ते तुला माहितीये."

त्यानं टोपी काढली. "गुरांचा डॉक्टर येऊन गेला. म्हणतो, आजच्या आज स्वीडवरून काढ. माझ्याकडे एक काडी नाही. सगळीकडे फोन केले, कुणाकडेच नाही. वर परवा दक्षिणेकडून बर्फ येतंय म्हणतात. आणि या आता कधीही व्यायला लागतील गं."

"आण."

नेव्हिलला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "देतेस?"

"मेंढ्यांनी माझं काय केलंय? त्या गाभण आहेत आणि त्यांचा मालक गाढव आहे, यात त्यांचा काय दोष? देते. पण तुला दोनांतली एक गोष्ट करावी लागेल."

"सांग."

"इथं, बेरिलच्या देखत, सांग की माझ्या टिबनं तुझ्या कुठल्याही कोकराला तोंड लावलं नव्हतं."

नेव्हिलची मान कानापर्यंत लाल झाली. "मर्ट, झालं गेलं ते. आणि कायद्यानं मी..."

"कायद्याला मी चहाला बोलावलेलं नाही. नसेल सांगायचं तर दुसरं ऐक. मेंढ्या रस्त्यानं आणायच्या. माझ्या फाटकातून. तू एकट्यानं. कुत्रा नाही."

"रस्त्यानं? मधलं कुंपण तोडलं तर..."

"माझं कुंपण तुटणार नाही."

"अगं, पोटुशा मेंढ्या कुत्र्याशिवाय हलवायच्या कशा?"

"मी वर्षभर हलवतेय. हात पसरायचे, हळूहळू चालायचं. नाहीच ऐकलं तर भुंकायचं."

बेरिलच्या घशात चहा अडकला. नेव्हिल बराच वेळ टोपीची कड फिरवत राहिला. एक वाक्य होतं फक्त. मर्टलला त्याच्या तोंडावर दिसत होतं, ते वाक्य वर येत होतं आणि पुन्हा खाली जात होतं.

"रस्त्यानं आणतो," तो शेवटी म्हणाला.

"घाई करू नकोस त्यांना," मर्टल म्हणाली. "एखादीनं वाटेत गाभ टाकला तर बघ."

बेरिल उठली. "चला, शाळा सुटायची वेळ झाली." दारात ती मर्टलच्या कानाशी लागली. "मला नेमकं तेव्हाच तिथून जावं लागणार, काय करू सांग. वेळापत्रक आहे."

नेव्हिलनं आपले तीन कुत्रे बांधून ठेवले. ते तिथून केकाटत होते. मेंढ्या रस्त्यावर आल्या, आणि कुत्रा नाही म्हटल्यावर त्यांना जे सुचायचं ते सुचलं. निम्म्या जणी रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरून गवत ओरबाडायला लागल्या, काही आल्या तशा मागं फिरल्या. नेव्हिल डाव्या बाजूनं धावला तर उजवीकडच्या थांबल्या. उजवीकडे धावला तर डावीकडच्या. कोट काढून हलवला. शिव्या दिल्या. शिव्यांना मेंढ्या भीक घालत नाहीत.

तेवढ्यात मागून शाळेची बस आली. कळप रस्त्यावर असला की गाडीनं मागं थांबायचं, ही इथली रीत. बेरिल रीतीप्रमाणे थांबली. काचा खाली झाल्या आणि प्रत्येक काचेतून दोन-दोन डोकी बाहेर आली. समोरून दुधाचा टँकर आला, तोही थांबला. त्याच्यामागं पोस्टाची गाडी.

मर्टल फाटक उघडून खांबाला टेकून उभी होती. खांबावर टिबचा गळपट्टा. तिनं पाहिलं, नेव्हिलनं पुढं पाहिलं, मागं पाहिलं, बसकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. मग तो किंचित वाकला आणि भुंकला.

पहिलं भुंकणं खोकल्यासारखं निघालं. मागच्या मेंढीनं डोकं वर केलं. तो पुन्हा भुंकला, आता जरा खणखणीत. मेंढी चालायला लागली.

"मिस्टर टलॉक, अजून मोठ्यानं!" बसमधून एक पोर ओरडलं, आणि मग अख्खी बस भुंकायला लागली. मेंढ्यांना ते चांगलं मानवलं. कळप गोळा झाला, जड पोटं डोलवत रस्त्यानं पुढं सरकू लागला. मागं नेव्हिल टलॉक, चषकवाला, घामानं निथळत, हात पसरून डावीउजवीकडे पळत, भू-भू करत. मर्टलला यातला एक क्षणही सुटू द्यायचा नव्हता. डोळ्यांत वाऱ्यानं पाणी आलं ते तिनं पुसलं नाही, पुसण्यात वेळ गेला असता.

पुढच्या मेंढीला फाटकातून हिरवं दिसलं आणि ती शिरली. मग सगळ्याच धावल्या. शेवटची लंगडत आत गेली. नेव्हिल फाटकाचा दांडा धरून धापा टाकत उभा राहिला. बसमध्ये टाळ्या. त्याच्याकडे लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं आता.

"कोकरू उभं होतं," तो खाली बघत म्हणाला. "दूध पीत होतं. गोळी सुटल्यावर दिसलं मला."

"मग?"

"मग काय. सुटली होती गोळी."

"वर्षभर दातखीळ बसली होती?"

त्यानं खांबावरच्या गळपट्ट्याकडे पाहिलं. "सगळे म्हणाले, बरोबर केलंस. मग मी म्हटलं, असेल."

"मोठ्यानं सांग," मर्टल म्हणाली. "रस्त्यापर्यंत पोचलं नाही."

बेरिलनं इंजिन बंद केलं.

"टिबनं काही केलं नव्हतं!" नेव्हिल ओरडला. भुंकून आवाज फाटलेला होता, पण टँकरवाल्यापर्यंत नीट गेला. "कोकराला हात... तोंड लावलं नव्हतं तिनं! माझी चूक झाली!"

कुणी हसलं नाही. मर्टलनं मान डोलावली आणि फाटक लावून घेतलं.

आता बदला घेऊन माणसाला रितं वाटतं, असं काहीतरी ऐकायची ज्यांना सवय आहे त्यांनी ती सोडावी. मर्टलला मुळीच रितं वाटलं नाही. तिनं घरी येऊन उरलेले दोन्ही चीज-रोल खाल्ले, वर उकडून कुस्करलेली स्वीड मिरपूड घालून घेतली, आणि दिवे लागताच जी झोपली ती सकाळी.

बर्फ आलं तसं गेलं. झाडांच्या आडोशाला मेंढ्या सुखरूप राहिल्या. आजारी होत्या त्यांतली आणखी एक मेली, बाकीच्यांनी मान वर केली. नेव्हिल रोज सकाळी चालत यायचा, कुत्र्याशिवाय; ती अट मर्टलनं उठवली नव्हती.

पहिली व्याली तेव्हा दोघंही फाटकाशी होते. जुळं झालं. मेंढीनं दोघांना चाटून उभं केलं आणि चार पावलं पुढं नेलं. मागं हिरव्या गवतावर वार पडून राहिली, लालभडक, वाफाळत. समुद्राकडून आलेले दोन कर्कश पक्षी खांबावर उतरून तिच्याकडे मान वाकडी करून बघू लागले.

मर्टल त्या जागेकडे बघत राहिली. टिब असती तर एव्हाना तिथं नुसतं ओलं गवत राहिलं असतं.

"चांगली झाली की गं दोन्ही," नेव्हिल म्हणाला. त्याच्या आवाजात पुन्हा शेजारधर्म यायला लागला होता.

"झाली," मर्टल म्हणाली. कुंपणाला टेकवलेलं फावडं तिनं उचलून त्याच्या हातात दिलं. "ती वार उचल."

"पक्षी खातील की."

"माझ्या कुरणात पक्षी खात नव्हते. उचल, आणि जागा स्वच्छ कर. सगळ्या विऊन होईपर्यंत."

नेव्हिलनं तिच्याकडे पाहिलं, खांबावरच्या गळपट्ट्याकडे पाहिलं, आणि फावडं घेऊन निघाला. मेंढी बुजली, कोकरांना घेऊन दूर झाली.

"हळू," मर्टल मागून म्हणाली. "टिब मागून जायची. कोकराकडे बघायची नाही."